चौथ्या सीटचं कव्हर

तीर्थरूप काका,

गाडीला माणसाची आठवण येते का? पदवीधर असूनही मला याचं उत्तर देता येत नाही, आणि असलं काही विचारलं तर हसणार नाही असा दुसरा माणूस नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते. साष्टांग नमस्कार (खोक्यांच्या पसाऱ्यातून जेवढं आडवं होता येतं तेवढा). शिलाईयंत्र चालवून तुमचे गुडघे सुजतात आणि चष्म्याचा नंबर वाढला आहे असं काकूंकडून कळलं. गुडघ्यांना मी काही करू शकत नाही, पण अक्षर मोठं काढते आहे.

पाणी शुद्ध करण्याचं शास्त्र शिकायला मी दोन वर्षं परदेशी चालले आहे. (दोनच. परत येऊन आपल्याकडच्या प्रत्येक नळाला स्वच्छ पाणी आणणार आहे. आई म्हणते, आधी आपल्या नळाला पाणी आण, स्वच्छ-अस्वच्छ मग बघू.) आई मावशीकडे राहायला जाते आहे, तिथे सायकल लावायचीही भांडणं होतात. राहता राहिली बाबांची गाडी. ती जहाजाने सोबत न्यायची, की इथेच गोदामात ठेवायची? तीन आठवडे मला दुसरं काही सुचलेलं नाही.

शिक्षणाचा उपयोग करावा म्हणून मी तक्ता केला. एका बाजूला ‘नेणे’, दुसऱ्या बाजूला ‘ठेवणे’, प्रत्येक मुद्द्याला दहापैकी गुण. दोन्हींना एकेचाळीस पडले. पुन्हा तपासले तरी एकेचाळीसच. आई म्हणाली, “डॉक्टरांनी त्यांची ही जुनी गाडी देऊ केली तेव्हा तुझे बाबा तक्ता करत बसले असते, तर अजून डॉक्टर खाली उभे असते.”

मग जहाज कंपनीच्या कचेरीत गेले. तिथले कारकून फार सभ्य. आपण जिला उभा जन्म खटारा म्हणत आलो तिला ते ‘क्लासिक कार’ म्हणाले, तेव्हा माझा ऊर भरून आला. पण मग नियम निघाले. गाडीत एकही घरगुती वस्तू नको. बाबांची चष्म्याची डबी नको, पुसायचं फडकं नको, कव्हरं उतरवायची. चाकांना मातीचा कणही चालत नाही, म्हणून खालून-वरून वाफेने धुवायची. मी विचारलं, वासाचं काय? (बाबांच्या डोक्याचं तेल आणि पेट्रोल मिळून जो वास आहे तो. तुम्हाला ठाऊक आहे.) कारकून म्हणाले, “काळजी नको ताई, वाससुद्धा राहणार नाही.” ते धीर द्यायला म्हणाले होते. मी बाहेर येऊन जिन्यात बसले.

गोदामवाल्यांची तऱ्हा वेगळी. ते गाडी चार ठोकळ्यांवर चढवतात, बॅटरी काढतात, टाकी रिकामी करतात आणि वरून पांढरं कापड घालतात. पांढरं कापड पाहून माझा धीर सुटला, तरी मी नेटाने अकरा पानांची सूचनावही लिहून नेली: चोक किती ओढायचा, पॅडल दोनदाच का दाबायचं, वगैरे. मालक म्हणाले, सुरू करून दाखवा. दाखवली. होईना. तीनदा होईना. शेवटी त्यांच्यादेखत, लाज सोडून, मी बाबांसारखी डॅशबोर्डवर थाप मारली आणि म्हटलं, “चल गं राणी, उशीर झालाय.” झाली! मालकांनी वही चाळली आणि गंभीरपणे विचारलं, “हे कुठल्या पानावर आहे?”

पान बारावं लिहायला मी गाडीतच बसले, आणि तिथेच बसून राहिले. माझ्या निकालाच्या दिवशी बाबांनी ह्याच गाडीतून मला अख्ख्या वस्तीभोवती चार फेऱ्या मारून आणलं होतं, बैलगाडीच्या वेगाने. चौकातल्या हवालदाराने हटकलं तर काच खाली करून म्हणाले, “साहेब, मुलगी पदवीधर झालीय, हळूच न्यायला पाहिजे.” त्याने खरंच हात दाखवून बाकीच्या गाड्या थांबवल्या. काका, मला न्यायची आहे ती ही गाडी. तिला न धुता कसं नेतात आणि ठोकळ्यावर कसं चढवतात, मला कळत नाही.

तुमचं नि गाडीचं काय झालं ते मला ठाऊक आहे. तीन सीटची कव्हरं तुम्ही शिवलीत. चौथ्याचं माप घ्यायला आलात तेव्हा हौसेने गाडी फाटकाबाहेर काढायला गेलात, ती खांबावर गेली, आणि चारचौघांत बाबा बोलून गेले, “तू आपला सुईदोराच चालव.” तुम्ही कात्री उचललीत आणि म्हणालात, या गाडीत पुन्हा पाय ठेवणार नाही. बाबा गेले त्या दिवशीही तुम्ही तिच्याकडे पाठ करून बसला होतात. मी पाहिलं.

काकूंना नमस्कार. तुम्ही सांगाल ते मी करेन.

तुमची,
पुतणी

ता.क. १. तुम्ही कात्री उचललीत तेव्हापासून बाबा जाईपर्यंतच्या अकरा वर्षांत पुढच्या डावीकडच्या, म्हणजे त्या चौथ्या सीटवर घडी केलेली चादर होती. दुसऱ्या शिंप्याकडे टाकू म्हटलं की बाबा म्हणत, “ज्याने तीन शिवली तोच चौथं शिवेल. घाई काय आहे?” कापड त्यांनी डिकीत जपून ठेवलं आहे. कसर लागलेली नाही, मी उलगडून पाहिलं.

ता.क. २. (हे पेन्सिलीने, कारण पेन घरी राहिलं.) तुम्ही सांगाल ते करेन असं वर लिहिलं खरं, पण तुम्ही दुकानात असताना मी गाडी तुमच्या दारात आणून लावली आहे. काकूंना सांगितलंय, पत्र गाडीत पुढच्या कप्प्यात आहे म्हणा, आणि काही झालं तरी आणून देऊ नका. त्या कप्प्याचं झाकण डाव्या सीटवर बसून दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय उघडत नाही. म्हणजे शपथ मोडली आहे, आणि ते पाप माझ्या माथी. किल्ली तुम्ही बसला आहात त्या चादरीखाली आहे. सुरू नाही झाली तर काय म्हणायचं ते वर लिहिलंय. मी बसने निघाले.