कन्सोल सर्व्हर आणि ताईंचा रविवार

४ मार्च, सोमवार
काल घरबसल्या मुख्य सर्व्हरची फायरवॉल जरा घट्ट केली. इतकी, की मीच बाहेर राहिलो. आमच्या ऑपरेटर ताईंना फोन केला. मुलीची पोहण्याची शर्यत अर्धवट सोडून त्या ऑफिसात आल्या, सर्व्हर बंद करून चालू केला. काय झालं होतं, विचारलं. 'नेटवर्क' म्हणालो. तसं खोटं नाही.

आज त्यांनी फोटो दाखवला. मुलगी दुसरी आली. फोटोत ताई नाहीत.

संकल्प: कन्सोल सर्व्हर. एक जुना लिनक्स पीसी, त्यातून सीरियल केबल थेट मुख्य सर्व्हरला. सर्व्हरचं नेटवर्क गेलं तरी मी घरून या पीसीत शिरणार आणि केबलवाटे सर्व्हर सुधारणार. दोन दिवसांचं काम. नुसत्या माफीपेक्षा ठोस.

५ मार्च
केबल चुकीची. क्रॉस, म्हणजे आतल्या तारा उलटसुलट जोडलेली, हवी होती. दुकानदाराने विचारलं होतं, मीच ठासून 'साधी' म्हणालो.

७ मार्च, दुपारी ३
स्क्रीनवर अक्षरं आली! बहुतेक अक्षरंच. सर्व्हर भराभर बोलतो, माझा पीसी सावकाश ऐकतो, म्हणून कचरा दिसतो. बायकोला समजावलं. तिला हे ओळखीचं वाटलं.

११ मार्च
दोन्हीकडचा वेग जुळला. लॉगिन आलं! ताई जागेवरून उठून बघायला आल्या. खरं सांगायला हीच वेळ होती. मी त्यांना कन्सोलला जोडणारा प्रोग्राम कसा चालवायचा ते सांगितलं. अर्धा तास.

१७ मार्च, रविवार, सकाळी ११
साहेबांना घरून प्रात्यक्षिक. मुद्दाम सर्व्हरचं नेटवर्क बंद केलं. आता कन्सोल.

११.०५
कन्सोल पीसीचं इंटरनेट त्याच सर्व्हरमधून येतं.

११.२०
ताईंना फोन केला.

१८ मार्च
सकाळी ताईंना सगळं सांगायला सुरुवात केली. त्यांनी मध्येच थांबवलं. म्हणाल्या, "शर्यतीच्या दिवशीच सर्व्हरच्या नोंदी पाहिल्या मी. शेवटची कमांड तुमच्या नावावर होती."

मग बोलला का नाहीत, विचारलं.

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

दोन आठवडे.

सॉरी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि सर्व्हरचा पासवर्ड मागितला. दिला. त्यांनी माझ्यादेखत बदलला. नवा कोणता, ते मी विचारलं नाही.