सहाशे बारा किलोमीटर

हिंगोली,
१४ मार्च २०२४

प्रिय सरिताताईस,
धम्मानंदचा जय भीम.

तू जेवतेस का बराबर? आकांक्षाला म्हणावं, मामा सांगतो, बारावीचा राहिलेला पेपर बुडवू नको. हे सगळं फोनवरही विचारता आलं असतं, पण पुढचं बोलायला तोंड उघडत न्हाई. म्हणून लिहून राहिलो.

काल तू म्हणालीस, रविवारी दाजींच्या पुण्यानुमोदनाला दोन शब्द बोल, माझा भाऊ जेसीबी आणायला धावला म्हणून सगळ्यांना सांगायचंय. ताई, तसं सांगू नकोस.

त्या दिवशी मी तुला नवा ट्रक दाखवायलाच साखऱ्याला येत होतो. शोरूमवाल्यानं बजावलं होतं, दोन हजार किलोमीटर होईस्तोवर अर्धंच वजन भरायचं, चाळीसच्या वर पळवायची न्हाई, अन् काही वढायचं तर नावच काढू नका, इंजिन कायमचं कमजोर होतं. बाळंतिणीला जपावं तसा जपून राहिलो होतो मी ट्रकला.

नाल्याच्या उतारावर दाजींची ट्रॉली कलंडलेली. वर हळद शिजवायचा कुकर, अन् चाक दाजींच्या कमरेवर. तिकडं शेतात तू चूल पेटवून वाट बघत होतीस. रस्त्यावर तिसरं माणूस न्हाई, फोनला रेंज न्हाई. दाजी शुद्धीवर होते, बोलत होते. म्हणाले, "धम्मा, साखळी लाव अन् वढ."

मी मीटर बघितला. सहाशे बारा.

"साखळी न्हाई दाजी गाडीत. दम धरा, गोरेगावहून जेसीबी आणतो."

साखळी होती ताई. सीटखाली. नवी कोरी, शोरूममधूनच घेतलेली. मला वाटलं, दाजी बोलून राहिले म्हणजे काय झालं न्हाई जास्त, अर्ध्या तासानं काय फरक पडतो? काहून वाटलं असं, मला अजून कळत न्हाई. लोक म्हणतात, धम्मानंद वाऱ्यासारखा गेला. कसला वारा! जाताना येताना काटा चाळीसच्या वर जाऊ दिला न्हाई मी. पाऊण तास लागला. जेसीबीनं ट्रॉली उचलली तवा दाजी गेलेले होते.

पोलिसांना दिलेल्या जबाबातही मी साखळी नव्हती असंच लिहून दिलं. आज ठाण्यात जाऊन खरं सांगून आलो. रविवारी मी येईन, पण बोलायला उभा राहिलो तर हेच बोलीन. तू येऊ नको म्हणालीस तर न्हाई येणार. त्याआधी हे तुला माझ्याकडूनच कळावं, एवढंच.

आणखी एक. दाजी शेवटी काय म्हणाले, हे तू मला तीनदा विचारलंस. मी सांगितलं, "सरिताला सांभाळ" म्हणाले. ते खोटं होतं. मी स्टार्टर मारला तवा खालून आवाज आला, "सावकाश जाय धम्मा, गाडी नवी हाय."

तुझा म्हणायची लाज वाटणारा,
धम्मानंद