मुकादमाची भाकरी अजून मऊ आहे

प्रिय अण्णा,

तुमच्या मुकादमानं आज दुधात कुस्करलेली चतकोर भाकरी खाल्ली. वाटी चाटूनपुसून पालथी केली आणि 'अजून आण' म्हणून माझ्याकडे बघत बसला. कुत्र्यानं भाकरी खाल्ली, ही बातमी तुमच्याशिवाय कुणाला सांगणार? म्हणून लिहायला बसले.

तुम्ही गेलात आणि त्यानं अंग टाकलं. आम्हाला वाटलं, तुमच्यासाठी झुरतोय. आई म्हणाली, "जित्राबाला बी कळतंय की गं. इसरंल हळूहळू." पण तो विसरेना आणि खाईना. मग एके दिवशी त्याच्या डोळ्यांत पिवळेपणा दिसला. तो रंग मी या घरात आधी पाहिला होता, अण्णा.

होटगी रोडच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाई माझ्या लेकीच्या वयाच्या. रक्त तपासून म्हणाल्या, "लिव्हर नुसतं सुजलंय की कडक पडलंय, ते बघावं लागेल. सोनोग्राफीचंच नवं मशीन आहे. पोटात हलकी लहर सोडतं. कडक भागातून ती झपकन जाते, मऊ भागातून सावकाश." मी म्हटलं, "माहिती आहे मला."

तुमच्या पोटावर तसलंच यंत्र फिरवलं होतं ना! दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस, पण जुन्या काविळीनं लिव्हर आतून खाल्लं होतं. डॉक्टर बिचारे शब्द शोधत होते आणि तुम्हीच त्यांना सोडवलंत. "म्हंजे मऊ भाकरीची कडक भाकरी झाली म्हना की! असू द्या. आमच्या सोलापुरात कडक भाकरी लई दिवस टिकती." केवढे हसलो होतो आपण! टिकला नाहीत हो तुम्ही. त्या विनोदाचा मला अजून राग येतो.

मुकादमाला मी उचलून टेबलावर चढवलं. तुमच्या चिंचोळीच्या कारखान्यात गेटवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवायचा, म्हणून तुम्ही त्याचं नाव मुकादम ठेवलंत, आणि निवृत्तीच्या दिवशी हारतुऱ्यांसकट स्कूटरवर पुढ्यात घेऊन आलात. तुमचा चष्मा आईनं कपाटात ठेवलाय, कपडे देऊन टाकले. तुमचं हलतंबोलतं असं तेवढं एकच उरलं होतं. तेही गेलं तर?

आणि पठ्ठ्या आडवा होईना! उभा राहून, जीभ काढून नुसत्या धापा. "धाप लागली की पोट हलतं, आकडा खोटा येतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. बरं, दाबून धरायचीही सोय नाही. दाबलं की चांगलं लिव्हरसुद्धा कडक दिसतं म्हणे. आणि इतक्या खंगलेल्या जिवाला गुंगीचं इंजेक्शन द्यायला त्या धजेनात.

तेव्हा मला तुमची दुपार आठवली. जेवण झालं की पायरीवर बसायचं, त्याला आडवं पाडायचं, चिमट्यानं गोचिडी काढायच्या आणि तास न् तास त्याच्याशी बोलत राहायचं. मी आईला म्हणायची, "आपल्याशी कधी एवढं बोललेत का?" खरं सांगू? मला त्या कुत्र्याचा हेवा वाटायचा.

मी त्याच्या कानाशी वाकले. जन्मभर शाळेत पोरांना 'नीट बोला' म्हणत आलेली मी, तुमच्या बोलीत म्हटलं, "पड की रं माज्या राजा. कुटं पळून चाललंय काम? पड हितं."

त्यानं कान टवकारले. आधी दाराकडे पाहिलं, अण्णा. बराच वेळ पाहिलं. मग मान खाली घातली आणि डाव्या कुशीवर पडला, वरचा पाय उचलून. काखेतली गोचीड काढायला तुम्हाला सोपं जावं, तसा! धाप हळूहळू थांबली. डॉक्टरबाईंनी यंत्र नुसतं टेकवलं.

पडद्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही. मी त्याच्या काखेकडे बघत राहिले, आणि तिथं टरारून फुगलेल्या गोचिडी दिसल्या.

"मऊ आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सूज आहे थोडी, पण कडक नाही झालेलं." मी गोचिडी दाखवल्या. त्यांनी पुन्हा रक्त घेतलं आणि गोचीडताप निघाला. औषधानं बरा होणारा.

तुम्ही गेल्यावर त्याच्या अंगावरून हात फिरवायचं कुणाला सुचलंच नव्हतं. आम्हाला वाटायचं, तुम्ही गप्पा मारत बसता. हे काम आहे, असं एकदा तरी सांगायचंत! पण तुम्ही ती सवय लावलीत म्हणूनच तो त्या टेबलावर सुखानं पडला. तुमच्या त्या रिकाम्या दुपारींनी त्याला वाचवलं, अण्णा. याचे आभार कसे मानायचे असतात?

घरी येऊन आईला सांगितलं. म्हणाली, "गेल्यावर बी त्यांचंच ऐकतंय. माजं मेल्यानं कवा ऐकलं न्हाय." आणि पदर डोळ्यांना लावून त्याच्यासाठी दूध तापवायला गेली.

आज भाकरी खाऊन झाल्यावर मी चिमटा घेऊन पायरीवर बसले. "पड की रं माज्या राजा," म्हटलं. या वेळी त्यानं दाराकडे पाहिलं नाही. सरळ माझ्यापुढं आडवा झाला. मला बरं वाटलं आणि लगेच रडूही आलं.

तर हा माझा शब्द. रोज दुपारी मी पायरीवर बसेन, तुमच्याच बोलीत बोलेन. तुमच्याशी बोलायचं राहिलेलं सगळं त्याला सांगेन. तुम्ही आमच्याबद्दल काय काय सांगितलंत, ते तो मला सांगायचा नाही. मुकादम आहे शेवटी, मालकाचं गुपित राखणारच! पण माझं ऐकून घेईल, पाय वर करून.

तुमचीच,
मंगल