रंगारी ओळीचं एकसलग धाबं

५ एप्रिल १९३४
शाळेतून आलो तर शेजारचा दौलतभाऊ धाब्यावर, मातीच्या सपाट छपरावर. दोरीनं भिंत मापत होता. भिंत दोघांची. ओळीतल्या नऊही घरांचं तसंच, मधल्या भिंती सामाईक आणि वर मातीचं एकच धाबं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
दिवेलागणीला स्वतःच माझ्या ओट्यावर येऊन बसला. माती उतरवून टिनाचे पत्रे टाकायचे म्हणाला. पावसाळ्याआधी.
त्याचं घर ओळीच्या बरोबर मध्ये.

६ एप्रिल
वर्गात शिकवताना लक्ष नव्हतं.
आबा, माझे वडील, असताना पागोटं रंगवलं की पिळून थेट वर आणायचे. पन्नास हात कापड. एका घरावर मावत नाही, आणि ओल्या कापडाला घडी पडली की डाग. म्हणून घरं अशी बांधली. एका उंचीची, चिकटून, मध्ये कठडा नाही. आधी कापड होतं, मग घरं. वाशिमात अशी दुसरी ओळ नाही.
दुपारी गल्लीतून जाणाऱ्यांच्या धोतरांवर वरच्या तांबड्याची झाक पडायची. ती मी पाहिली आहे. माझ्या वर्गातल्या कुणीही पाहिलेली नाही.
आता रंग कुणी काढत नाही. दौ. बाजारात कापडाच्या दुकानात नोकरीला. रंगाच्या रांजणांत पाणी भरतात.

१० एप्रिल
सुतार आणला. त्यानं दौ.च्या माजघरात छताच्या लाकडी कड्या ठोकून पाहिल्या. दोन कड्यांना वाळवी. बदलता येतील, माती ठेवूनही बदलता येतील, असं स्पष्ट म्हणाला. मी दौ.कडे पाहिलं.
तो म्हणाला, "कड्या बदलू. माती कोण टाकीन?"
दर साली आखजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की, सगळी ओळ एका दिवशी गढीची पांढरी माती आणून धाब्यावर टाकते. गेल्या साली चारच घरची माणसं आली. उरलेल्यांनी आपापल्यापुरतं पाहिलं. पण धाबं एक असलं की पाणी आपल्यापुरतं राहत नाही.

१४ एप्रिल
ओळीवर लेख लिहून झाला. अकोल्याच्या मासिकाला पाठवीन. सकाळी दौ.च्या ओट्यावर वाचून दाखवला. तो डोळे मिटून ऐकत होता. रांजण, तांबडा रंग देणाऱ्या आळीच्या मुळांचा वास, आबांचे कोपरापर्यंत लाल हात, सगळं ऐकलं. त्याची बायको, गिरजावहिनी, तांदूळ निवडत होत्या.
"भाऊजी, लिवलं लय चांगलं. फक्त माया घरात राह्यते कोण, थे लिवाचं राह्यलं."
दौ. हसला. मीही हसलो. नंतर बराच वेळ ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

१५ एप्रिल
वहिनी काय म्हणाल्या ते आज कळलं. त्यांची सून यमुना, माहेर अनसिंगचं, ज्येष्ठात बाळंत व्हायची. आई नाही, म्हणून पहिलटकरीण असून सासरीच. बाळंतिणीची खोली म्हणजे तेच माजघर, वाळवी लागलेल्या कड्यांच्या खाली. परवा त्या कडीतून विंचू पडला. पाळणा टांगलेला होता, रिकामा.

१९ एप्रिल
आखजी महिन्यावर आली. मातीच्या दिवसाचं कुणी नाव काढलं नाही. मी घरोघर जाऊन विचारलं. दोघं हो म्हणाले. एकानं विचारलं, दौलत टिन टाकून राह्यला, मंग आमी माती कायले टाकावी? पत्र्याचं पाणी दोन्हीकडच्या धाब्यांवर येणार. मधलं घर उठलं की ओळ उरत नाही. दोन तुकडे उरतात.

२१ एप्रिल
दौ. आला. बसला नाही.
"मास्तर, पयली टोपली तुले काढा लागते."
माहीत होतं. कुणी धाबं उकललं तर मातीची पहिली टोपली भिंतीच्या वाटेकऱ्यानं काढायची आणि खाली गल्लीत टाकायची. ती पडल्याशिवाय घरमालकानं कुदळ लावायची नाही. कड्यांची टोकं दोघांच्या भिंतीत असतात म्हणून. आबांनी दौ.च्या वडिलांसाठी एकदा काढली होती, कडी बदलायला. तेव्हा माती परत वर गेली.
मी म्हणालो, विचार करतो.
"कर. सून काई थांबाची नाई."

२६ एप्रिल
पाच दिवस तो आला नाही. माझ्याशिवायही कुदळ लावता येईल. कोण विचारणार आहे? पण लावली नाही. पत्रे स्टेशनवरून बैलगाडीनं आले, माझ्या ओट्याला टेकून ठेवले आहेत. त्याच्या ओट्यावर जागा आहे.

३ मे
सकाळपासून दौ.च्या परसात रांजण धुतल्याचा आवाज. मग वास. डब्यातला रंग, मुळं आता मिळत नाहीत. तरी तो वास आणि तुरटीचं पाणी...
दहाच्या सुमाराला वरून हाक आली. मास्तर नव्हे. "शाम्या, वर ये."
पागोटं रंगवलं होतं. पूर्ण लांबीचं, तांबडं. एक टोक माझ्या हातात दिलं. मी मागं मागं गेलो, चौथ्या घरापर्यंत, पायाखाली न पाहता. लहानपणी येत होतं ते पायांना आठवत होतं. तो तिकडे, मी इकडे, मध्ये कापड. वारा आला की फुगायचं, मग दोघांनी एकदम ताण द्यायचा. मान वर करून गल्लीतले लोक उभे. माझ्या हातांना रंग लागला.
किती वेळ गेला माहीत नाही. सुखात होतो.
मग धाब्यातल्या सवण्यातून, उजेडाच्या भोकातून, खालून गि. वहिनींचा आवाज. ओरडल्या नाहीत.
"तुमी दोघं उभे राहा बापा. चालू नका. पाळण्यात माती पडून राह्यली."
दोघंही जागच्या जागी थांबलो. कापड सुकेपर्यंत तसेच.

४ मे
पागोटं दौ.नं घडी करून माझ्या खुंटीला अडकवलं. "मी कोठी घालू हे?" म्हणाला. मीही टोपी घालतो.
रात्रीपुरतं यमुनेनं आमच्याकडे निजावं असं सुचवलं. मग बाळंतपणही इथंच, माझं माजघर कोरडं आहे. वहिनी म्हणाल्या, आज तुमच्या घरी, पुढच्या साली कोठी?

५ मे
लेख परत काढला. पहिलं वाक्य 'या ओळीत नऊ घरे आहेत' असं आहे. ते तसंच ठेवलं. पुढे यमुना लिहायला बसलो. जमलं नाही.

७ मे
उजाडता वर गेलो. टोपली आणि फावडं माझंच. दौ. त्याच्या बाजूला उकिडवा बसला होता, जणू रोजच बसतो. फावडं घातलं तसा त्याच्या धाब्याचा थर दिसला, हातभर. वरचा पांढरा, खाली करडा, मग पिवळसर. एका ठिकाणी थोडा तांबूस, जिथं कापडं निथळायची. आबांनी टाकलेली माती कोणती, सांगता येत नाही.
टोपली भरली. उचलून कडेला आणली. गल्ली रिकामी होती. खाली टाकायची, एवढंच.
टोपली मागे आणून सामाईक भिंतीच्या रेषेवर ठेवली. अर्धी त्याच्या बाजूला, अर्धी माझ्या.
दौ.नं बिडी पेटवली, दुसरी मला दिली. खाली यमुना झाडत होती.
शाळेची वेळ झाली तेव्हा उतरलो. टोपली वर आहे. तोही वर आहे.