उघड्या मशीनला कुंकू

आई, तुझ्या टायपिंग क्लासच्या खोलीत आता पलंग येणार आहेत. पंचवटीतल्या आपल्या गल्लीत ज्याच्या घराला पुढची खोली आहे, त्यानं ती सिंहस्थाच्या यात्रेकरूंसाठी रंगवून घेतली आहे, आणि दादा म्हणतो, आपणच तेवढे मागे कशाला राहायचं. त्याचं काही चुकत नाही. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर तू नेहमीसारखी माझी बाजू घेशील आणि त्याच्याशी अबोला धरशील. त्यानं मला दसऱ्यापर्यंत वेळ दिला होता. "नवी बॅच बसव, खोली तुझी. नाही बसली तर पलंग," एवढंच म्हणाला, आणि ते म्हणताना माझ्याकडे न बघता खिडकीच्या गजावरचा गंज नखानं खरवडत राहिला.

तू गेलीस तेव्हा खोलीत टाइपरायटरच होते. पुढे परीक्षाच कॉम्प्युटरवर गेली, टाइपरायटर भंगारात गेले, मी कॉम्प्युटर आणले, आणि तेही आता म्हातारे होऊन एकेक करत मेले. शेवटचा या पावसाळ्यात गेला. मला मात्र अजून तो जुनाच खडखडाट ऐकू येतो. मधे फक्त एक पडदा, पलीकडे तू चुलीशी नाही, पण चुलीइतक्याच धुरकट स्टोव्हशी, भाकरी थापते आहेस, आणि तिथूनच ओरडतेस, "खिडकीजवळची, करंगळी कुठं गेली तुझी?" ती मुलगी दचकते. मी तिच्या शेजारच्या मशीनवर बसले आहे, बोटांकडे बघत टाइप करते आहे, आणि तू पिठाच्या हातांनी बाहेर येऊन माझ्या दोन्ही हातांवर स्वयंपाकघरातलं फडकं टाकतेस. "बोटांकडे बघायचं नाही. मास्तरणीची पोरगी आणि चोरून बघते!" सगळ्या मुली हसल्या होत्या. त्या फडक्याला लसणाचा वास होता, आणि मला इतका राग आला होता की मी त्याच्याखाली मुद्दाम भलतंच टाइप केलं. तू ते वाचलंस आणि त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्यास.

तर कॉम्प्युटर मेले, पण त्यांचे पडदे धडधाकट होते. एम. जी. रोडवरचा दुकानदार म्हणाला, "मॅडम, मॉनिटर फेकू नका. हे घ्या एक, जमलं तर बाकीचे मागवू." त्यानं काउंटरवर जे ठेवलं ते पत्त्यांच्या कॅटएवढं होतं. हिरवी पट्टी, तिच्यावर काळे चौकोन आणि कडेला वायरी खोचायची भोकं. ना डबा, ना झाकण, अगदी उघडंवाघडं. हाच अख्खा कॉम्प्युटर, म्हणाला. याच्यावर लिनक्स नावाची सिस्टिम चालते, ती फुकट मिळते, आणि ती मेमरी कार्डावर घालून कार्ड पोटाशी सरकवलं की झालं. झालं म्हणे! दुकानदारांचं सगळं काउंटरवरच होतं.

मी दादाच्या लॅपटॉपवर सिस्टिमची फाइल उतरवून घेतली आणि लग्नाचे फोटो टाकावेत तशी ती कार्डावर कॉपी केली. कार्ड खोचलं, कीबोर्ड लावला, मॉनिटरची वायर लावली. याला चालू करायचं बटण नसतं. वीज दिली की ते आपलं आपण उठतं, म्हणून वीज सगळ्यात शेवटी द्यायची. दिली. लाल दिवा लागला आणि पडदा काळाच. शेजारचा हिरवा दिवा कार्ड वाचताना लुकलुकायला हवा, तो मेल्यासारखा गप्प. किती दुपारी मी तशी त्या लाल दिव्याकडे बघत बसले! मग कळलं की फाइल नुसती ठेवून भागत नाही, ती एका वेगळ्या प्रोग्रॅमनं कार्डावर उलगडून लिहावी लागते. तसं केलं, तर रंग दिसले आणि पुन्हा अंधार. मोबाइलच्या चार्जरचा जोर त्याला पुरत नव्हता. मला ते उचलून गोदावरीत टाकावंसं वाटलं. पण टाइपरायटरच्या काड्या एकमेकींत अडकल्या की तू म्हणायचीस ना, ओढायचं नाही, एकेक सोडवायची. मी एकेक सोडवत गेले. तुझ्या त्या वाक्याचा मला आयुष्यात इतका उपयोग झालेला नाही आणि इतका वैतागही आलेला नाही.

तेव्हा क्लासला एकच विद्यार्थिनी उरली होती. सायखेड्याहून बसनं येणारी, एका लेकराची आई, कुठंतरी ऑफिसात चिकटायचं म्हणून मराठी टायपिंग शिकणारी. कॉम्प्युटर नव्हते म्हणून मी तिला कोऱ्या कीबोर्डवर, कशालाच न जोडलेल्या, नुसती बोटं फिरवायला लावत होते आणि ती बिचारी फिरवत होती. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी नवा चार्जर लावला तेव्हा ती माझ्या मागे उभी होती. लाल दिवा लागला. मग हिरवा लुकलुकला. आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावायला लागल्या, ओळीखाली ओळ, ओळीखाली ओळ, जणू तुझ्या हाताखालची एखादी पोरगी खाली न बघता सुटली होती. "मॅडम, लागलं हो!" ती ओरडली. "लयच झरझर लिहितंय की ओ!" मग पडद्यानं भाषा विचारली, आणि त्या लांबलचक यादीत मराठी होती. मी ती निवडली. आई, मी रडले, आणि सायखेड्याची ती मुलगी मला पाणी आणायला आत पळाली. त्या दिवशी मला वाटलं की खोली राहते.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. तुझी पूजा तुला सांगायला नको. सगळे टाइपरायटर पुसून रांगेत लावायचे, प्रत्येकाला हळदकुंकवाची बोटं, झेंडूचं फूल, अक्षता, आणि पूजा झाल्याशिवाय एकाही मुलीनं कळ दाबायची नाही. मशीनला आधी हात जोडायचे, मग हात लावायचा. पुढे मी कॉम्प्युटरच्या पेट्यांनाही दरवर्षी बोटं लावली, त्यांना पत्र्याचं अंग होतं, काही झालं नाही. या वेळी मी मुद्दाम दादाला बोलावलं. मशीन चालू करून ठेवलं, पडद्यावर मोठ्या अक्षरात 'श्री' टाइप केलं, म्हणजे तो दारातून आत येताच त्याला ते दिसावं. तो आला, चप्पल काढली, 'श्री' वाचलं आणि म्हणाला, "अरे वा! एवढंसं हे?" खूश होता गं. खरंच खूश होता. मी पाणी घालून कुंकू कालवलं, जसं तू कालवायचीस, आणि अनामिकेनं पहिलं बोट लावलं. चालू मशीनच्या उघड्या पाठीवर. ओलं कुंकू.

'श्री' गेलं. लाल दिवाही गेला. पडद्यानं लिहिलं की सिग्नल नाही. मी दुसरं बोट हळदीत बुडवून तशीच हवेत धरून उभी. माझी सगळी हयात मशीनशेजारी गेली, मुलींना मी चहाचा कपसुद्धा टेबलावर ठेवू देत नाही, आणि मी चालू विजेवर ओलं बोट टेकवलं, कारण तू टेकवायचीस. दादा हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. "बंद पडलं का गं?" त्यानं विचारलं, आणि मग स्वतःच झेंडूचं फूल उचलून त्या मेलेल्या हिरव्या पट्टीवर ठेवलं, नमस्कार केला आणि म्हणाला, "तू पुष्कळ केलंस. आता राहू दे."

दसऱ्यानंतर सायखेड्याची आली, ती निरोप घ्यायलाच. सासरचे नको म्हणतात. "मोबाईलमंधी बोललं का आपोआप लिहून येतं, मंग बोटं कशाला मोडायची, असं म्हनत्यात. म्या लय सांगून पाह्यलं, मॅडम, पन नाय ऐकत." मीही दादाला निरोप पाठवायचा तर फोनशी बोलूनच पाठवते. तुला सांगायला लाज वाटते, पण पाठवते. तिला पेढा दिला, ती पाया पडली आणि पायऱ्या उतरून भाजीबाजाराच्या गर्दीत गेली. तिच्यानंतर कुणी विचारायलाही आलं नाही.

मी परीक्षा पास झाले तेव्हा तू मला टाइप साफ करायचा तो राठ केसांचा ब्रश दिला होतास, आठवतं? मला घड्याळ हवं होतं. खोली आवरताना तो सापडला, आणि मी त्यानं मशीनच्या पाठीवरचं वाळलेलं कुंकू झाडत बसले, कार्डाच्या खाचेतलं, काळ्या चौकोनांच्या पायांमधलं, अगदी 'अ'च्या पोटातली शाई काढावी तसं. काही आशा होती म्हणून नाही. हाताला काम हवं होतं. आणि मग सवयीनं वायरी लावल्या, वीज शेवटी. लाल दिवा लागला. हिरवा लुकलुकला. ओळी धावल्या.

मशीन चालतं, आई. हे पत्र मी त्याच्यावरच टाइप करते आहे. दादाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तो उद्या पलंग घेऊन येईल आणि जाता येता म्हणेल की ते मशीन बंद पडलं नसतं तर, आणि मी हो म्हणेन, कारण कुंकवानं क्लास बुडाला असं म्हणायला सोपं जातं. दुकानदाराकडून आणखी दहा मशीनं आणली असती तरी त्यांच्यापुढे बसवायला मला एक पोरगी मिळाली नसती. ते दादाला कळण्याआधी मला कळलं होतं, आणि तुझा क्लास मी बंद केला. पडदा काळा झाला त्या क्षणी, दादा फूल ठेवत होता तेव्हा, मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

हे कुठं पाठवणार आहे मी? थोड्या वेळानं मशीन नीट बंद करून कार्ड काढून ठेवेन. खोलीत कुणी नाही, स्वयंपाकघरातही नाही. पहिल्या ओळीपासून मी बोटांकडे बघत टाइप केलंय, आणि अजून कुणी फडकं टाकलेलं नाही.