दूध आटेपर्यंत

कुडाळ, ४ फेब्रुवारी

चि. सौ. रुपालीस आईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझा आवाज ऐकला की माझं बोलणं अडतं, म्हणून लिहिते. बाळ चौथ्या दिवशी गेलं, आणि तू मात्र रोज इस्पितळात दूध काढून द्यायला जातेस, हे जावईबापूंकडून कळलं. अगं, ओली बाळंतीण तू! छातीला मोगरा बांध, दूध आपोआप आटेल. मग गाडीत बस आणि घरी ये. दुसऱ्यांची लेकरं पाजून आपलं परत येतं का गं?

तुझ्यासाठी झुरणारी,
आई

परळ, ९ फेब्रुवारी

ती. आईस सा. न. वि. वि.

रागावू नकोस. मोगरा सासूबाईंनीही आणला होता दादरहून. मी तो देवाला वाहिला. पाळणा परत गेला, झबली देऊन टाकली. पण पहाटे छाती भरून येते, ब्लाउज भिजतो. तो गेला हे माझ्या अंगाला अजून ठाऊकच नाही, आई. इतक्यात कसं सांगू त्याला?

इस्पितळातल्या आग्नेस सिस्टर म्हणाल्या, इथे दिवस भरायच्या आत जन्मलेली बाळं आहेत, काहींच्या आयांना दूधच येत नाही. माझं दूध कुणाला जातं ते सांगत नाहीत. काल काचेपलीकडे एका बाळाने जांभई दिली. मी तिथून हलेचना. शेवटी यांनी हाताला धरून घरी आणलं.

थोडे दिवस राहू दे मला.

तुझीच,
रुपाली

कुडाळ, १५ फेब्रुवारी

चि. रुपाली, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. ते उठून परसात गेले, बराच वेळ आले नाहीत.

मोगऱ्याचं राहू दे. शेजारचा राजेश मुंबईला निघालाय, त्याच्याबरोबर आळिवाचे लाडू पाठवतेय. रोज खा. दूध वाढतं त्याने.

आई

परळ, १२ मार्च

ती. आईस सा. न. वि. वि.

लाडू पुरवून खाल्ले. तरी आठवडाभर दूध कमी होत होतं, काल तर बाटलीचा तळही झाकला नाही. आग्नेस सिस्टरांनी बाटली बाजूला ठेवली, माझा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, पुरे आता, पोरी. तिथे रडले नाही. घरी येऊन सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवलं, तेव्हा रडले.

शनिवारी आम्ही निघतो. बारशाआधीच गेला, म्हणून त्याचं नाव कुणी विचारत नाही. मी ठेवलंय, आई. पोटात होता तेव्हापासून त्याच नावाने हाक मारते. यांनाही अजून सांगितलेलं नाही. आले की आधी तुझ्या कानात सांगेन.

माया आहेच, ती माझ्यावर आणि बाळावर, दोघांवर असू दे.

रुपाली