जवायाचं पाणी अडवाले कोणी तयार नाई

सिंदेवाही,
मंगळवार, दुपार

धनराजभाऊ,

तीर्थरूप लिहावं तं तुम्ही माझे साळे, अन् नुसतं प्रिय लिहावं तं वयानं मोठे. म्हणून दोन्हीच्या मधातला एक नमस्कार घ्या. तिकडे सिरोंच्याले वहिनीची कंबर आता कशी आहे? तुमाले तेलुगू जमाले लागली का, का अजून बाजारात बोट दाखवूनच भाजी घेता? आमी इथी खुशाल आहो असं लिहाची पद्धत आहे, पण मी खुशाल नाई. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही माझं ऐकाच्या आधीच हसता. कागदावर हसले तं निदान मले ऐकू तं येत नाई.

तक्रार तुमच्या घरच्या लोकायची आहे. तुमाले माहीत आहे, मी अन् तुमच्या बहिणीनं, पुनमनं, मिळून एक पटावरचा खेळ बनवला. नाव 'टोकाची बांधी'. एक तलाव, त्याच्या खाली चौघायची धानाची शेती, हरएकाची एक बांधी, मधातून एक नहर अन् हरएकाकडे त्याचा एक फाटा. आपली पाळी आली का पाणी आपल्या बांधीत घ्याचं, नाईतं मातीची गोटी टाकून दुसऱ्याचं अडवाचं. ज्याच्या धानाची रोवणी आधी पुरी झाली तो जितला. (पट माझ्या हातचा, प्लायवूडवर रंगवलेला. नियम पुनमचे. पाणी म्हणजे तिच्या शिवणकामातले निळे बटन, रोवणीचे मजूर म्हणजे चिंचोके.) नागपूरचे एक खेळ छापणारे येत्या शनिवारी तो पाहाले तयार आहेत. त्यायची एकच अट आहे का चारही जागांवरून जितता आलं पाहिजे, अन् ते आपण आधी खेळून पाहिलेलं पाहिजे. आता आमी दोघं, खेळ चौघायचा. म्हणून मीच म्हटलं, दर रविवारी सावलीले तुझ्या माहेरी जाऊ, घरचेच लोक आहेत. (हे मीच सुचवलं होतं हे आधीच सांगून टाकतो, नाईतं पुनम सांगन.)

पहिल्या रविवारी मी जितलो. खोटं काहाले बोलू, मले बरं वाटलं. पुढच्या रविवारीबी जितलो. पुनम म्हणे, तलावाजवळच्या जागेले फायदा जास्त होऊन राह्यला. म्हणून मी टोकाले बसलो, जिथी पाणी सगळ्यायच्या शेवटी पोचते. तिथीबी जितलो. मग माझे बटन अर्धे केले, मजूर काढून घेतले, शेवटी माझ्या धानाले कीड लावली. तरी जितलोच. हप्ताभर आमी नियम खोडत बसू, अन् रविवारी पुन्हा तेच. मले तं वाटाले लागलं का या खेळात आपल्याले काहीतरी विशेष डोकं आहे. (हे पुनमजवळ बोललो. बोलाले नको होतं.)

मग एका रविवारी पुनमनं पटाकडे पाहाचं सोडून माणसायकडे पाह्यलं. मामाजी, म्हणजे तुमचे बाबा, स्वतःची बांधी कोरडी ठेवून पाणी गुपचूप माझ्याकडे सोडून राह्यले होते. मामीजीनं आपले सगळे मजूर माझ्या रोवणीवर धाडले होते, अन् वरून विचारून राह्यल्या होत्या, चहा अजून घेता का म्हणून. पटावर मातीच्या गोट्यायचा ढीग, पण माझ्या नहरात एक नाई. सगळ्या पुनमच्या नहरात. पोटच्या पोरीचं पाणी अडवताना कोणाले काही वाटलं नाई. मी मामाजीले हात जोडून म्हटलं, हा खेळ आहे, अडवा माझं पाणी. तं म्हणतात, "जवायाचं पाणी अडवलं तं सावलीत कोणाले तोंड दाखवू?"

भाऊ, याले मान म्हणाचं का? मी तिथी खेळाले जातो का पूजा करून घ्याले? अन् याची शिक्षा कोणाले, तं मलेच. पुनमनं निकाल दिला का मी पटावर बसलो असेपर्यंत खेळ तपासल्या जाऊच शकत नाई, म्हणून मी उठाचं. ती शनिवारपर्यंत माहेरी राहून खेळ तपासून राह्यली. माझ्या जागेवर शेजारची चंदाबाई बसवली. आता म्हणे तिथी एकमेकायचे गळे धराची वेळ येते. एका बटनावरून मामाजी अन् चंदाबाई बोलत नाईत. इतका चांगला खेळ रंगला, अन् ज्यानं पट रंगवला तो इथी एकटा वरणभात शिजवून खाऊन राह्यला. नागपूरलेबी मी येऊ नये म्हणते. ज्यानं खेळ एकदाबी खरा खेळला नाई, तो तिथी काय सांगणार, असं तिचं म्हणणं. हे मले फार लागलं. अर्धा खेळ माझा आहे.

वहिनीले नमस्कार, लेकरायले आशीर्वाद, अन् तुमाले तुमच्या घरच्यायची थोडी लाज.

आपला,
प्रफुल

ता. क. – मामाजी तुमचं ऐकतात. त्यायले एक फोन करा. एका संध्याकाळपुरतं प्रफुलले जवाई समजू नका, बिनधास्त गोटी टाका, असं सांगा. म्हणजे पुनम मले नागपूरले नेईन.

ता. क. दुसरा, गुरुवार – पत्र टाकाचं राहून गेलं, बरंच झालं. वरचा फोन करू नका. काल पुनमनंच त्यायले समजावून मले बोलावलं. मामाजीनं पहिल्याच पाळीत माझ्या नहरात गोटी टाकली. मामीजीनं माझे मजूर फोडले अन् चहाचं नावबी काढलं नाई. चंदाबाई बाजूले बसून माझ्या वाळलेल्या बांधीले हसून राह्यली होती. मी सगळ्यायच्या शेवटी आलो. जवायाशी असं वागतात का भाऊ? मी वाढलेलं ताट तसंच ठेवून उठलो अन् सिंदेवाहीची गाडी धरली.

पुनमचा निरोप आला. खेळ बरोबर झाला, शनिवारी सकाळी निघाचं आहे, माझी जागा धरली आहे, पण मले मनवाले ती येणार नाई. रुसलेल्या जवायाले मनवाले साळ्यानं याचं असते, हे तुमाले मी सांगाचं का? म्हणून या पत्राचा फोटो काढून मोबाईलवर पाठवून राह्यलो. सिरोंच्याहून याले दिवस जाते, तरी उद्या संध्याकाळपर्यंत पोचा. मी दोनदा नाई म्हणीन. तेवढ्यानं परत जाऊ नका, तिसऱ्यांदा विचारा. बॅग भरून दाराजवळ ठेवली आहे.